नांग्यांसकट दोन खेकडे

मावशींना गरिबीबद्दल काही विचारायचं असेल, तर आधी लसूण सोलायला बसावं लागे. ही अट सगळ्यांना सारखी होती. दिल्लीचा असो, केरळचा असो, नाहीतर विमानातून उतरून थेट आलेला असो, वही उघडून कुणी समोर बसलं की त्या सूप पुढे सरकवत आणि म्हणत, "हात मोकळं ठिवून ऐकायचं न्हाई." एका प्रश्नाला एक गड्डा. एका कवीने उपासमारीबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं की पुढचा आठवडाभर आम्ही सगळे लसणाची चटणी खात होतो.

मी तेव्हा माले गावाच्या पुढे, मुळशीच्या पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका लेखकनिवासाचा व्यवस्थापक होतो. कुणा श्रीमंत माणसाचं जुनं फार्महाउस, सहा खोल्या, प्रत्येक खोलीत टेबल आणि खिडकी. लेखकांनी महिनाभर यायचं, शांतपणे लिहायचं आणि जायचं. त्या रस्त्यावर रिसॉर्टच्या पाट्यांची नुसती गर्दी आहे, त्यात स्विमिंग पूल न लिहिलेली पाटी आमची एकटीचीच. मावशी तिथे स्वयंपाक करायच्या. वरच्या डोंगरउतारावर पंधरा-वीस घरांची वाडी आहे, तिथून रोज सकाळी आठाला उतरायच्या. बारा महिने काखेत छत्री. उन्हाळ्यात छत्री कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कुत्र्यांना आणि साहेबांना दाखवायला बरी पडते.

मीही लिहीत होतो. लेखकांचे पंखे दुरुस्त करून आणि त्यांना पौडातून डासांच्या अगरबत्त्या आणून देऊन जो वेळ उरायचा, त्यात.

मावशींना वाचता येत नव्हतं, पण साहित्याबद्दल त्यांची मतं ठाम होती. कुणी लेखक मुक्काम संपवून गेला की त्याच्या पुस्तकाची गोष्ट मी त्यांना सांगायची, असा रिवाज पडला होता. त्या भाकरी थापत ऐकायच्या. त्यांचे प्रश्न दोनच. पहिला, त्यात कोण काय खातं. दुसरा, त्यात कोण हसतं का. एकदा मी एका फार गाजलेल्या कादंबरीची गोष्ट सांगितली. बिहारातलं गाव, पाचशे पानं, सात मृत्यू. मावशींनी नेहमीचे प्रश्न विचारले. मी म्हटलं, खात कुणी नाही, आणि हसतही नाही. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग ती आधीच मेल्याली हायेत. त्यांचं काय सांगतुयास मला?"

फोटोचंही तसंच. निवासात आलेल्यांना मावशींचा फोटो हवाच असे. चुलीपाशी, अनवाणी, जमलं तर डोळ्यांत धूर गेलेला. मावशी नाही म्हणत नसत. "थांबा" म्हणून वाडीवर जात आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत येत. तेव्हा अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं असे, नाकात नथ आणि पायात नातीचे पांढरे स्पोर्ट शूज. नात पौडाच्या कॉलेजात बी.ए.ला होती. फोटो काढणाऱ्याचा चेहरा पडायचा. मावशी मात्र छातीवर छत्री आडवी धरून कॅमेऱ्याकडे रोखून बघायच्या.

त्या सोशिक वगैरे अजिबात नव्हत्या. खाण्याच्या बाबतीत तर भयंकर नखरेल. रेशनचा तांदूळ त्यांच्या घशाखाली उतरत नसे. स्वतःच्या तुकड्यातला आंबेमोहर संपला, तर नाचणीवर राहत. पण मी पिरंगुटच्या बाजारातून आणलेल्या मासळीला नाक मुरडून म्हणत, हिला मरून लई दिस झालेत, हिचं तेरावं घाला.

एकदा पुण्याहून एक निवृत्त गृहस्थ आले. मोठे सज्जन, कपाळावर बारीक गंध. मावशींशी लेखक काय बोलतात हे कळल्यावर ते मला बाजूला घेऊन सांगू लागले की परदेशी लोकांना आपल्याकडची गरिबी विकू नये, देशाची बेअब्रू होते, चांगलं कितीतरी आहे ते दाखवावं. मावशींनी ऐकलं आणि सूप पुढे केलं. ते बिचारे काही न कळून सोलायला लागले. मावशी म्हणाल्या, "दाखवू नका म्हंता. मग आमी कुटं जायाचं? आमी हितंच व्हतो की." गृहस्थांनी तीन पाकळ्या सोलल्या आणि त्यांना बस आठवली.

ही गोष्ट मी तेव्हा सगळीकडे सांगत सुटलो होतो. मावशी माझ्या, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या, बाजूच्या आहेत असा माझा समज होता.

खेकड्यांची हकिकत त्यांनी मला न विचारता सांगितली. मी काहीच न विचारता लसूण सोलत बसलो होतो, म्हणूनही असेल. त्यांचे यजमान हिरड्याच्या झाडावरून पडून दोन महिने अंथरुणात होते, ते दिवस. लावणी झालेली, हाताला काम नाही, घरात दाणा नाही. शेजारणीने जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यातून कण्यांची पेज पाठवली. पोरं जेवली. डबा दोन दिवस घरात पडून राहिला.

"रिकामा कसा न्ह्यायचा?" मावशी म्हणाल्या. "घरात मीठ तेवडं व्हतं. मीठ काय द्यायची वस्तू हाय? मग उतरले वढ्यात."

भर पावसात, कमरेइतक्या गवतातून त्या ओढ्याला गेल्या, दगडांखाली हात घालून दोन मोठे खेकडे धरले, जिवंतच डब्यात टाकले आणि झाकण लावून डबा शेजारणीला नेऊन दिला. शेजारणीने झाकण उघडून आत बोट घातलं. पुढचं मावशींना धड सांगता येईना, इतक्या त्या हसायला लागल्या. शेजारीण बोटाला खेकडा लोंबकळत अंगणभर नाचली. तिचं ते नख कायमचं वाकडं झालं. आज तीस वर्षं झाली, भांडण कशावरूनही होऊ दे, ती आधी ते नख मावशींच्या नाकासमोर धरते.

मी म्हटलं, पण नांग्या मोडून का नाही दिले? खेकडा धरला की आधी नांग्या मोडतात, हे मलाही ठाऊक होतं. मावशी हसायच्या थांबल्या.

"रस नांगीतच असतुया. नांग्या मोडून दिल्या असत्या तर ती म्हनली असती, बरं बरं काढून घेतलं अन् टरफलं धाडली."

घरात मिठाशिवाय काही नाही, नवरा अंथरुणात, आणि बाईला काळजी कसली, तर खेकडा बिननांगीचा दिला असं कुणी म्हणू नये. त्या दिवशी मी लसूण सोलायचा थांबलो. हीच माझी कादंबरी, असं मला वाटलं.

आणि लिहिलीही. दीड वर्षात लिहिली, आणि तो प्रसंग त्यात होता, नांग्यांसकट. हस्तलिखिताचा काही भाग एका मित्राने इंग्रजीत केला, तो परदेशातल्या एका संपादक बाईंनी वाचला आणि त्यांचं मोठं आपुलकीचं पत्र आलं. लेखन त्यांना फार आवडलं होतं. एकच शंका होती. डबा परत देण्याचा प्रसंग हृदयद्रावक आहे, पण खेकडे मध्ये येतात. तिला ओढ्यात खेकडे मिळत असतील तर ती उपाशी कशी, असं आमच्या वाचकाला वाटेल. शिवाय ते बोट, ते नाचणं, यामुळे वेदनेची धार जाते. डबा रिकामाच परत गेला तर?

मला इथे खोटं बोलायचं नाही. मी रागावलो नाही. दोन दिवस विचार केला, तळमळलो, असंही नाही. मी पत्र वाचलं, चहा घेतला आणि खेकडे काढून टाकले. दहा मिनिटंही लागली नाहीत. शेजारणीचं नख सरळ झालं. माझी आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शेजारच्यांची वाटी परत देताना चिमूटभर साखर तरी घालायची, आणि तिचा मुलगा इकडे रिकामा डबा लिहीत होता. आधी मराठी पुस्तक निघालं, मग इंग्रजी, दोन्हींत डबा रिकामा. परदेशी परीक्षणांत त्या रिकाम्या डब्याचं भरभरून कौतुक झालं. तिकडच्या एका मोठ्या पारितोषिकाच्या अखेरच्या यादीत नाव लागलं, तसे माझे पुण्यात तीन सत्कार झाले. तिन्ही ठिकाणी मी रिकाम्या डब्यावर बोललो. एका ठिकाणी मी मध्येच थांबून रुमालही काढला.

निवासात दुपारचा माझा डबा मावशी ऑफिसच्या खोलीत आणून ठेवत. एके दिवशी दोन पाहुणे लेखक समोर बसलेले असताना मी तो उघडला. आत काही नव्हतं. स्वच्छ घासलेला, कोरडा डबा. मला वाटलं, चुकून दुसरा आला. मी स्वयंपाकघरात गेलो. मावशी चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"तुज्या पुस्तकात असाच असतुया न्हवं?" त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशी नातीने कॉलेजच्या वाचनालयातून पुस्तक आणलं होतं आणि पडवीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. शेजारीणही ऐकायला होती. डब्याच्या प्रसंगाला ती सावरून बसली म्हणे, नख पुढे धरून. पान उलटलं, प्रकरण संपलं, खेकडे आलेच नाहीत. शेजारणीने नातीला ते पान परत वाचायला लावलं. मग उठली आणि घरी गेली. तिच्या मते सरळ होतं. पुस्तकात छापलंय म्हणजे मावशींनीच तसं सांगितलं असणार. साहेब लोकांना कीव यावी म्हणून तिची पेज लक्षात ठेवली आणि स्वतःचा डबा रिकामा करून टाकला.

"उपाशी व्हतो ते लिव्हलंस, खरं हाय," मावशी म्हणाल्या. "रडले ते बी खरं. त्याची मला लाज न्हाई. पर रिकामा डबा मी जल्मात कुनाला दिला न्हाई. तीस वर्सं आमच्या दोघींची भांडी हिकडनं तिकडं जात्यात. कालपासनं तिच्या दारातनं वाटी आली न्हाई."

मी समजावायला लागलो. की ही कादंबरी आहे, त्यातली बाई म्हणजे तुम्ही नव्हे, तिकडच्या वाचकाला आपल्या रीतीभाती कळत नाहीत. मी बोलत होतो आणि माझंच मला कळत होतं की मी काय बोलतोय. मावशींनी सूप पुढे केलं नाही. त्यांना माझ्याकडून काही ऐकायचंच नव्हतं.

"माजं खेकडं परत घाल," एवढंच म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि काही केलं नाही. पारितोषिकाचा निकाल तोंडावर होता. अशा वेळी संपादक बाईंना काय कळवायचं, की तुमच्या आवडत्या पानावर मी खोटं लिहिलंय? निकाल लागू दे, मग बघू, असं मी स्वतःला सांगितलं. वाडीवरच्या दोन घरांमधली भांडी थांबलेली असताना मी पारपत्र शोधत होतो.

पावसाळ्यात, लावण्या उरकल्यावर, पारितोषिकवाल्यांची मंडळी आली. अखेरच्या यादीतल्या प्रत्येक लेखकावर छोटी फिल्म करायची होती. दिग्दर्शक बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, चिखलात न कुरकुरता फिरत होत्या. त्यांना तो प्रसंग खऱ्या जागी हवा होता. मावशींनी रिकामा डबा घेऊन शेजारणीच्या दारापर्यंत चालत जायचं, झाकण उघडायचं, कॅमेरा आत बघणार. मला वाटलं, मावशी छत्री उगारतील. पण त्या लगेच तयार झाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर सगळी गोळा झाली. मावशी घरातून बाहेर आल्या. हिरवं लुगडं, नथ, पांढरे बूट. दिग्दर्शक बाईंनी मला हळूच विचारलं, बूट काढता येतील का. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हनावं तू काड आदी. लई चिखल हाय." मी भाषांतर केलं नाही. शेजारीण आपल्या दारात हाताची घडी घालून बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

कॅमेरा सुरू झाला. मावशी तोच जुना जर्मलचा डबा दोन्ही हातांनी धरून चालू लागल्या. अंगण पार केलं, शेजारणीच्या उंबऱ्याशी आल्या आणि तिथून वळून माझ्याकडे आल्या. डबा माझ्यापुढे धरला.

"तू लिव्हलंस," त्या म्हणाल्या. "तूच उघड."

डबा हातात घेतला तेव्हाच वजन कळलं. आतून पत्र्यावर खरवडल्याचा आवाज येत होता. मला सगळं समजलं. तरी एक क्षणभर मनात आलं की डबा पडल्याचं नाटक करावं. हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

मी झाकण उघडलं. दोन खेकडे, काळपट, चांगले तळहाताएवढे. चारही नांग्या जागेवर.

मी शेजारणीसमोर गेलो. "आजी," मी म्हटलं, "मावशींनी मला असंच सांगितलं होतं. तुमच्या बोटाचंसुद्धा सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं. मग तिकडच्या लोकांना आवडावं म्हणून मी काढून टाकलं. यात मावशींचा काही दोष नाही." मग कॅमेऱ्याकडे वळून हेच सगळं इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत सांगताना जास्त लाज वाटली.

शेजारीण उठली. डब्यात वाकून बघितलं, मग मावशींकडे बघितलं. "अजून अक्कल न्हाई आली तुला," ती म्हणाली. "नांग्या तशाच." आणि डबा घेऊन आत गेली.

दिग्दर्शक बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, की हे सगळं सुंदर आहे, पण एकदा खेकड्यांशिवाय घेता येईल का, फक्त पर्याय म्हणून. मी नाही म्हटलं. का, ते समजावलं नाही, क्षमा मागितली नाही, विनोद केला नाही. इतकं साधं 'नाही' मी तोवर कुठल्याही परदेशी माणसाला म्हटलेलं नव्हतं. तोंडाला बरं वाटलं.

फिल्ममध्ये मी पाण्याकडे बघत उभा आहे, तेवढंच राहिलं. पारितोषिक दुसऱ्या कुणाला मिळालं. त्याचा खेकड्यांशी संबंध नव्हता असं सगळे म्हणतात, आणि तसंच असेल. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्यापेक्षा राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. आमची भूक त्यांना चालते. आमची रीत, आमचा नखरा, उपाशी पोटी केलेली आमची ऐट त्यांच्या पानावर मावत नाही. आणि ती मावत नाही म्हणून मापात कापून देणारे आम्हीच. संपादक बाईंना मी तीन पत्रं लिहिली. इंग्रजी आवृत्तीत डबा आजही रिकामा आहे. ती वाचून कुणी मला कौतुकाने लिहिलं, तर मी त्यांना खेकड्यांची हकिकत सविस्तर कळवतो. बहुतेकांचं उत्तर येत नाही.

मराठीची दुसरी आवृत्ती मात्र माझ्या हातात होती. वर्षभराने ती निघाली, खेकडे, बोट, नाचणं, नख, सगळ्यासकट. मी तेव्हा निवास सोडून पुण्यात परतलो होतो. पहिली प्रत घेऊन वाडीवर गेलो. निवास सोडला त्या दिवशी मावशींनी मला एका डब्यातून कालवण दिलं होतं, तो डबा माझ्याकडेच होता. पुस्तक मी त्यातच घातलं. मला ती कल्पना फार छान सुचलेली वाटत होती.

दोघी म्हाताऱ्या पडवीत बसल्या होत्या, मध्ये एक वाटी झाकून ठेवलेली. मावशींनी डबा उघडला. पुस्तक बाहेर काढून नातीकडे दिलं. तिने पान शोधून मोठ्याने वाचलं. शेजारणीने दोनदा वाचायला लावलं, आणि नाचण्याच्या ठिकाणी आपण एवढ्या काही नाचलो नव्हतो अशी तक्रार केली. वाचन संपलं तेव्हा मावशींनी डबा उचलला, आत बघितलं, उपडा करून तळावर एक चापट मारली.

"रिकामाच आनलास की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, पुस्तक होतं ना त्यात. त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डबा घेऊन ओढ्यात उतरलो. दोघी काठावर येऊन उभ्या राहिल्या. शेजारीण तिथूनच सूचना देत होती, ह्या दगडाखाली न्हाई, त्या, मागनं धर, मागनं. माझे दोन निसटले. तिसऱ्याला मी बरोबर पुढूनच धरला आणि त्याने माझ्या बोटाचा असा चावा घेतला की डोळ्यांत पाणी आलं. हात झटकला तरी सुटेना. मी दुसऱ्या हाताने त्याची नांगी पकडली, तेवढ्यात काठावरून मावशींचा आवाज आला.

"मोडू नगंस. तशीच ऱ्हाऊ दे."